वर्गात नसलेली मुलगी

'अनदर' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचा विषय निघाला की बोलणं हटकून छत्रीवर येतं. तिसऱ्या भागात एक मुलगी जिन्यावरून घसरते, हातातली छत्री सुटून उघडते आणि तिचं टोक मुलीच्या गळ्यात शिरतं. जानेवारी ते मार्च 2012 मध्ये ही बारा भागांची मालिका जपानमध्ये दाखवली गेली. तेव्हापासून हा प्रसंग थट्टेचा झाला. कोणत्याही मालिकेत कुणी साधा अडखळला, तरी 'अनदर असतं तर मेला असता' असं तिथले प्रेक्षक म्हणतात. टीकाकारांचं म्हणणं असं, की यातली मरणं ओढूनताणून आणलेली आहेत, शेवटचे भाग म्हणजे नुसता रक्तपात आहे, आणि ज्या मुलीला उत्तर ठाऊक असतं ती गप्प राहते म्हणून कथा लांबते. मला ही मालिका फार मोलाची वाटते. तिची बाजू मांडायची तर रहस्य फोडावं लागेल, तेव्हा ज्यांना ती पाहायची असेल त्यांनी इथेच थांबावं.

मूळ कादंबरी युकितो आयात्सुजी यांची, 2009 सालची. 1987 च्या पहिल्याच कादंबरीने जपानी रहस्यकथेला पुन्हा कोड्यांच्या, तर्काच्या वाटेवर आणणारा हा लेखक. योमियामा नावाच्या काल्पनिक गावातल्या शाळेत, तिसऱ्या वर्षाच्या तीन नंबरच्या वर्गात, 1972 साली मिसाकी नावाचा सगळ्यांचा लाडका विद्यार्थी मरतो. वर्गाला ते सोसत नाही. तो आहेच असं समजून मुलं वर्षभर वागतात, शिक्षकही साथ देतात. तेव्हापासून काही वर्षी त्या वर्गात एक माणूस जास्त असतो. तो आधीच मेलेला असतो, पण ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. हजेरीपट बदललेला असतो, आठवणी बदललेल्या असतात, आणि दर महिन्याला वर्गातलं किंवा त्यांच्या घरचं कुणीतरी जातं. यावर वर्गाने शोधलेला उपाय असा: एका जिवंत विद्यार्थ्याला 'नाही' असं ठरवायचं. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही. एक वाढला तर एक वजा करायचा, म्हणजे हिशेब जुळतो. 1998 साली ही पाळी मिसाकी मेई या मुलीवर येते. डाव्या डोळ्यावर पट्टी बांधणारी, कमी बोलणारी ही मुलगी.

आता छत्रीकडे येऊ. त्या दिवशी परीक्षा चालू आहे. टोकियोहून नुकताच आलेला साकाकिबारा कोइची पेपर लवकर देऊन बाहेर पडला आहे आणि मेईशी बोलत उभा आहे. त्याला नियम कुणी सांगितलेलाच नाही. तेवढ्यात आईला अपघात झाल्याचा निरोप येतो आणि साकुरागी युकारी धावत वर्गाबाहेर येते. समोर हे दोघं दिसतात. ती थबकते. तिचा चेहरा बदलतो, ती वळते आणि उलट्या दिशेच्या जिन्याकडे पळत सुटते. त्याच जिन्यावर तिचा पाय घसरतो.

थट्टा करणाऱ्यांच्या नजरेतून हे वळणंच निसटतं. छत्रीचं टोक गळ्यात शिरणं योगायोगाचं असेल, पण साकुरागी त्या जिन्यावर गेली ती योगायोगाने नव्हे. जिचं अस्तित्व नाकारायचं ठरलं होतं तिला टाळायला ती गेली. दिग्दर्शक त्सुतोमु मिझुशिमा यांनी ही गोष्ट त्या प्रसंगात कुणाच्याही तोंडून वदवलेली नाही, फक्त मुलीचं थबकणं आणि वळणं दाखवलं आहे. या वर्गाचा संरक्षक उपाय आणि त्याच्यावर येणारं मरण ही एकमेकांपासून वेगळी राहिलेलीच नाहीत, हे मालिका तिसऱ्याच भागात सांगून टाकते.

म्हणून शापापेक्षा मला त्या उपायाचीच भीती वाटते. मेईला वाळीत टाकणारी मुलं दुष्ट नाहीत. कोइची आजारी असताना ती फुलं घेऊन दवाखान्यात येतात, त्याच्याशी अदबीने बोलतात. शिक्षकही त्यात आहेत, तास घेताना ते मेईच्या बाकावरून नजर पुढे नेतात. हे लेखकाच्या कल्पनेतलं अघोरी काही आहे असं जपानी वाचकाला वाटलं नसणार. 1986 साली टोकियोतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने आत्महत्या केली. काही महिने आधी वर्गमित्रांनी त्याचा खोटा अंत्यविधी मांडला होता, आणि निरोपाच्या कार्डावर चार शिक्षकांनीही मजकूर लिहिला होता. 'अनदर' दाखवून झाल्यावर काही महिन्यांतच, जुलै 2012 मध्ये, ओत्सु शहरातल्या अशाच एका मुलाच्या मृत्यूवरून जपानभर क्षोभ उसळला आणि 2013 मध्ये शाळेतल्या छळाविरुद्ध कायदा झाला. मालिकेत शाप काल्पनिक आहे. शिक्षकांनी नजर चुकवणं काल्पनिक नाही.

आणि कथा 1998 मध्ये का घडते? 1997 साली कोबे शहरात एका चौदा वर्षांच्या मुलाने लहान मुलांचे खून केले आणि पत्रावर साकाकिबारा या नावाने सही केली. आपल्या नायकाचं आडनाव तेच. त्या आडनावापायी टोकियोच्या शाळेत मुलांनी त्याला सतावलेलं असतं. नावावरून माणूस कसा वेगळा पाडला जातो हे ज्याने भोगलं, तोच या वर्गात येऊन 'नाही' ठरवलेल्या मुलीशी बोलायला जातो.

शेवटच्या भागांबद्दलची तक्रार मला अर्धी मान्य आहे. वर्ग शिबिराला जातो तिथल्या निवासस्थानी व्यवस्थापिकेच्या हातून होणारी कत्तल नसती तरी चाललं असतं. तिच्यामागे आपल्याला पुरेसं काही दिलेलं नाही. पण मुलं एकमेकांवर उठतात ते मात्र मला अपरिहार्य वाटतं. शाळेच्या जुन्या इमारतीत सापडलेली 1983 सालची कॅसेट सांगते, की मेलेल्याला पुन्हा मृत्यूकडे धाडलं की सगळं थांबेल. ती कॅसेट ध्वनिक्षेपकावरून ऐकवली जाते, आणि बऱ्याच जणांचा संशय मेईवर जातो. दुसरं होणार तरी काय होतं? बाकीच्यांच्या भल्यासाठी एकाला पुसून टाकणं योग्य आहे, हे या मुलांना शाळेनेच शिकवलं होतं. आजवर बोलणं बंद करून पुसत होते, आता हत्यार घेऊन पुसायला निघाले. शिवाय दोष कोइचीने नियम मोडल्याचा, असं वर्ग मानत राहतो. पहिला मृत्यू मात्र एप्रिलमध्येच, तो वर्गात पाऊल टाकण्याआधी झालेला असतो.

रहस्य म्हणूनही ही मालिका प्रामाणिक आहे. कोइचीचे वडील संशोधनासाठी भारतात आलेले आहेत, इथून ते फोन करतात. उकाड्याच्या गप्पांत ते सहज विचारतात, दीड वर्षानंतर योमियामा कसं वाटतंय? कोइचीला तर तिथे तेव्हा गेल्याचं आठवत नाही. वडीलही मग आपली चूक झाली म्हणतात. आजोळच्या घरी पिंजऱ्यातली मैना 'का गं रे-चान, का' असं सारखं बोलते. आपण ते पक्ष्याचं स्वतःचंच नाव समजतो. खरं म्हणजे मावशी रेइको गेली तेव्हा घरातली म्हातारी माणसं जे बोलून रडली, तेच तो पक्षी बोलत असतो. माणसांच्या आठवणी बदलल्या, मैनेची बदलली नाही. वर्गाच्या सहायक शिक्षिका मिकामी म्हणजेच ही मावशी, आणि वर्गातलं ते जास्तीचं माणूसही तीच. कादंबरीत दोन नावांच्या आड एक बाई लपवणं त्यामानाने सोपं. पडद्यावर तिचा चेहरा दाखवावा लागतो, आवाज ऐकवावा लागतो, आणि तरी बहुतेक प्रेक्षकांना ती सापडत नाही.

राहिला मेईच्या गप्प राहण्याचा आक्षेप. पट्टीखाली तिला बाहुलीचा डोळा आहे, आणि त्याने तिला मरणाचा रंग दिसतो. मग तिने आधी का सांगितलं नाही? कुणाला सांगणार होती? तिचं बोलणं ऐकायचं नाही असा वर्गाचा ठराव होता. आणि कॅसेट सापडेपर्यंत सांगून उपयोग काय, हेही कुणाला माहीत नव्हतं. मेलेलं माणूस म्हणजे कोइचीच्या घरातली, त्याला आईच्या जागी वाटणारी बाई. म्हणून ती त्याला न सांगता, एकटीच टिकाव घेऊन निघते. वर्गाने जिला माणसांत धरलं नाही, तीच वर्गाला वाचवायचं ओझं उचलते, आणि ज्याला सगळ्यांत जास्त दुखणार आहे त्याला त्यातून वगळू पाहते. कोइची तिच्या हातातून टिकाव घेतो तो तिच्या डोळ्यावर विश्वास ठेवून. त्याच्याकडे दुसरा कसलाही पुरावा नसतो. ज्या मुलीचा शब्द वर्गाने ऐकला नाही, तिचा शब्द इथे पहिल्यांदा कुणीतरी अखेरपर्यंत खरा मानतो, आणि त्याची किंमत स्वतःचं माणूस गमावून चुकवतो. हा प्रसंग ज्या मालिकेत आहे तिची आठवण फक्त छत्रीसाठी काढली जावी, हे मला अजिबात पटत नाही.