क्षेत्र आणि समुदाय

लिव्हरपूल शहरातील गुडिसन पार्क हे एव्हर्टन फुटबॉल क्लबाचे 1892 पासूनचे मैदान. तेथील लोखंडी खांब प्रेक्षकांच्या दृष्टीच्या आड येत, लाकडी आसने दाटीची, म्हणून कित्येक निष्ठावंतांनी गोदीकाठच्या नव्या मैदानाचा पुरस्कार केला. परंतु ज्यांच्या आप्तांची रक्षा त्याच हिरवळीच्या कडेला पुरलेली आहे, त्यांचा तेथून पाय निघेना. पावित्र्य भूमीत वसते की तीवर जमणाऱ्या समुदायात, हा प्रश्न अशा वेळी निव्वळ शास्त्रार्थाचा राहत नाही. सोयींची मागणी मी क्षुद्र मानत नाही. वृद्धाने खांबाआडून मान वाकडी करून पाहावे, ही काही भक्ती नव्हे. तथापि मृतांची संमती कोणत्या दप्तरी नोंदवावी? 2025 साली पुरुषांचा संघ नव्या मैदानात गेला, पण जुने मैदान जमीनदोस्त न करता महिलांच्या संघाकडे सुपूर्द झाले, हा तोडगा मला धर्म्य वाटतो.