आधी विचार, मग डबी दे

चि. मुक्ता,


इंदापूर तालुक्यात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झालीस, फार आनंद झाला. क्षयाच्या तपासणीबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे.

यंत्रं आता उत्तम आहेत. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट बॅटरीवरही चालतं. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. सीबीनॅट हे दुसरं यंत्र दोनेक तासांत जंतू आहेत का आणि ते रिफाम्पिसिन या औषधाला दाद देतात का, हे सांगतं. पण या यंत्रांना सहसा छातीतून आलेला बेडका लागतो, निदान दोन मिली. नुसती लाळ आली की तपासणी फसते आणि रुग्णाला वाटतं, आपल्याला काही झालेलंच नाही.

बेडका द्यायला माणसं का कचरतात, ते बघ. नव्या सुनेला घरात मोठ्यानं खाकरायचाच संकोच. त्यात शेजारणीनं बेडक्याची डबी पाहिली तर गावभर होईल ही भीती. गळीत हंगामात भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरच्या कारखान्यांसाठी राबणारे ऊसतोड मजूर पहाटेच कोपी सोडून फडात जातात. त्यांनी सकाळचा नमुना कुठे नेऊन द्यायचा? लहान मूल तर बेडका गिळूनच टाकतं. मग उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातला द्राव काढायचा. मूल रडतं, आईचा जीव कासावीस होतो. अशा मुलांच्या शौचाचा नमुनाही तपासता येतो, त्यालाही जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे. आईला ते किती सोपं!

जिभेवर स्वॅब फिरवून नमुना घेण्यावरही बरंच संशोधन झालं आहे. खोकावं लागत नाही, आडोसा शोधावा लागत नाही. पण जिभेवर जंतू कमी सापडतात, त्यामुळे काही रुग्ण निसटतात. हे लपवू नकोस. एखादे आजोबा विचारतील, ‘दुखणं छातीत, मग जीभ कशाला पुसता?’ त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यांना बेडकाच देऊ दे. ज्याला बेडका येतच नाही, त्याच्यासाठी दुसरी वाट कामाची.

बेडका घेतानाही रीत सांभाळ. आधी साध्या पाण्यानं चूळ भरायला लाव, दीर्घ श्वास घ्यायला सांग, मग खोलवरून खोकू दे. जागा उघड्यावरची, वाऱ्याची, पण चारचौघांच्या नजरेआडची हवी. डबी पिशवीत घालून दे. मजुरांच्या तळावर जायचं तर मुकादमाकडून त्यांची वेळ विचारून घे, पण कुणाची तपासणी आहे ते त्याला कळू देऊ नकोस.

रुग्णाची पसंती म्हणजे लाड नव्हेत. नमुना मिळाला नाही तर रोग कळत नाही, औषध सुरू होत नाही आणि संसर्ग घरभर पसरत राहतो. म्हणून कुणी ‘मला नाही जमणार’ म्हणालं, तर नोंदवहीत ‘नकार’ लिहून मोकळी होऊ नकोस. काय केलं तर जमेल, ते विचार.

तुझी,
मावशी