कनवटीचा पैसा आणि सदाव्रताचा शिधा



दरवर्षी चातुर्मास संपला की श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांत एक निराळा समुदाय दिसू लागतो. पाठीवर पडशी, हातात दंड, अंगावर पांढरी वस्त्रे. ही मंडळी नर्मदामैयाच्या परिक्रमेस निघालेली असतात. एक रात्र भक्तनिवासात विसावा घेऊन पहाटेच्या काकड आरतीनंतर ती पुढे जातात. जाण्यापूर्वी त्यांच्यापैकी अनेक जण संस्थानच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास विचारतात : “परिक्रमेत जवळ पैसे किती ठेवावेत?” प्रश्न वरवर व्यवहाराचा वाटतो. किंचित विचार केला असता तो धर्माचा आहे हे ध्यानी येते. आणि केवळ परिक्रमावासीयांचा नव्हे, तर या संस्थानच्या अन्नछत्रास देणगी देणाऱ्यांचाही आहे.

परिक्रमेचे स्वरूप बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. अमरकंटक येथे उगम पावून भरूचजवळ सागरास मिळणाऱ्या या १,३१२ किलोमीटर लांबीच्या नदीस उजव्या हाती ठेवून प्रदक्षिणा घालावयाची, प्रवाह ओलांडावयाचा नाही. दोन्ही तीर मिळून २,६०० किलोमीटरांहून अधिक वाटचाल होते. परंपरेने सांगितलेला काळ तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवसांचा. हल्ली बहुतेक जण ती काही महिन्यांतच पूर्ण करतात. संग्रह करू नये, सदाव्रतात मिळेल तो शिधा शिजवून खावा, आश्रमात वा एखाद्या घरी मिळेल तो प्रसाद समजून घ्यावा, असा संकेत आहे. श्री. जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’ हे पुस्तक घरोघरी वाचले गेल्यापासून महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली. त्यांत निवृत्तिवेतनधारक आहेत, व्यापारी आहेत, परदेशात नोकरी करणारी तरुण मंडळीही आहेत. म्हणजे ज्यांना भिक्षेची गरज नाही अशी माणसे चार-सहा महिने भिक्षेवर राहतात. हे उचित आहे काय?

महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य ऋषींनी तीर्थयात्रेचे जे महत्त्व सांगितले आहे, त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी येतात. पहिली अशी, की यज्ञाला विपुल साहित्य व द्रव्य लागते, ते राजांना व धनवंतांनाच साधते. दरिद्री मनुष्याला साधेल असे पुण्यकर्म म्हणजे तीर्थयात्रा. दुसरी अशी, की जो प्रतिग्रहापासून, म्हणजे दान घेण्यापासून, परावृत्त झाला आहे, जो मिळेल त्यात संतुष्ट आहे आणि ज्याचा अहंकार गळाला आहे, त्यालाच तीर्थाचे फळ मिळते.

या दोन्ही वचनांचा मेळ घालणे वाटते तितके सोपे नाही. तीर्थयात्रा गरिबासाठी आहे, तर त्याने वाटेत खावे काय? दान घ्यावयाचे नाही आणि जवळ द्रव्यही नाही, मग देह चालणार कसा? या अडचणीचे उत्तर आपल्या समाजाने ग्रंथात न शोधता नदीकाठी उभे केले. सदाव्रते, धर्मशाळा, घाट व अन्नछत्रे हे ते उत्तर होय. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी महेश्वर येथून राज्यकारभार पाहताना देशभर अशी जी कामे केली, ती राज्याच्या तिजोरीतून न करता आपल्या खासगीच्या द्रव्यातून केली. दुसऱ्याच्या पैशाने आपले पुण्य साधू नये, हा विवेक त्यात स्पष्ट दिसतो. घाटावर उतरणारा कोण, कोठला, किती श्रीमंत, याची चौकशी करण्याची तजवीज मात्र त्या दानात कोठेही नव्हती.

ही चौकशी न करणे महत्त्वाचे आहे. धनदान, भूमिदान, सुवर्णदान यांत शास्त्रकारांनी पात्रापात्रतेचा विचार सांगितला. अन्नदानात मात्र भूक हीच पात्रता मानली गेली. आमच्या काही देणगीदारांना ही गोष्ट खटकते. अन्नछत्रात गाडीतून उतरलेली माणसे जेवतात, मग आमचा पैसा सत्पात्री लागतो कशावरून, असे ते विचारतात. त्यांचा रोष समजण्यासारखा आहे. परंतु दारात उभे राहून प्रत्येकाची ऐपत विचारू लागलो, तर पहिला परत फिरेल तो खरा भुकेला. गाडीवाला हसून उत्तर देईल आणि आत येऊन बसेल. ज्याच्याजवळ काही नाही त्याला ‘माझ्याजवळ काही नाही’ असे चारचौघांत बोलावे लागणे, हे उपाशी राहण्याहून कठीण असते. म्हणून देणाऱ्याने विचारू नये, आणि तो विचारत नाही म्हणूनच घेणाऱ्याने स्वतःला विचारले पाहिजे. पात्रतेची परीक्षा टळत नाही. ती दारातून उठून जेवणाऱ्याच्या मनात जाऊन बसते.

मग घेणाऱ्याने स्वतःला काय विचारावे? येथे परमपूज्य श्री वासुदेवानंद सरस्वती (टेंबे) स्वामी महाराजांचे स्मरण होते. माणगावी १८५४ साली जन्मलेल्या स्वामींनी संन्यासानंतर भारतभर पायी संचार केला, द्रव्याला स्पर्श केला नाही आणि १९१४ साली नर्मदातीरी गरुडेश्वर येथे देह ठेवला. अनेक परिक्रमावासी त्यांचा आदर्श पुढे ठेवून पैसा न घेता निघतात. भावना वंदनीय आहे, पण एक भेद विसरला जातो. यतीने द्रव्य शिवले नाही, कारण द्रव्यावरील हक्कच त्याने सोडला होता. आपण पाकीट घरी ठेवतो. बँकेतील ठेव तशीच राहते, तिचे व्याज चालू असते, आणि पडशीच्या तळाशी एटीएमचे कार्ड असते. हा त्याग नव्हे. फार तर व्रत म्हणता येईल, आणि व्रत म्हणून ते चांगलेच आहे. पोट भरण्यासाठी दुसऱ्यापुढे हात पसरला की आयुष्यभराचा मोठेपणा क्षणात उतरतो. हा अनुभव गृहस्थाला एरवी मिळत नाही. तथापि चार महिने भिक्षेवर राहून ‘एवढे पैसे वाचले’ असा हिशेब जो मांडतो, त्याने तो अनुभव घेतलाच नाही. न खर्चिलेला तो पैसा त्याचा राहिलेला नाही. वाटेने ज्यांनी त्याला जेवू घातले, त्यांची ती त्याच्याकडील ठेव आहे.

हे सारे शूलपाणीच्या झाडीत अधिक कठोरपणे समोर येते. पूर्वी या अरण्यात भिल्ल बांधव परिक्रमावासीयांना अडवून कपडे, भांडी, पैसे सारे काढून घेत. त्यांना ‘मामा’ म्हणत, आणि मैया आपल्या लेकराचा उरलासुरला परिग्रह मामांकरवी काढवते, असा त्याचा अर्थ लावला जाई. लुटल्या गेलेल्याने स्वतःपुरता तो अर्थ लावला तर ती त्याची थोरवी. पण लुटणारा उपाशी होता हेही तितकेच खरे आहे. दुसऱ्याच्या उपासमारीत आपल्या वैराग्याचा धडा शोधणे थोडे सोयीचे वाटते. सरदार सरोवरात महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्याची ३३ गावे बाधित झाली, शूलपाणेश्वराचे जुने मंदिर पाण्याखाली गेले. ज्यांची नदीकाठची काळी जमीन बुडाली, त्यांच्याच भाईबंदांच्या झोपडीत आज परिक्रमावासीयाला भाकर मिळते. घरात पीठ किती उरले आहे हे ती माउली सांगत नाही. तेथे शहरातला सुखवस्तू मनुष्य पानावर बसतो, तेव्हा कोण कोणास दान देत आहे?

नाकारावे, तर तो अपमान होतो. नोट पुढे करावी, तर आतिथ्याचे भाडे होते. म्हणून घ्यावे, पण अतिथी म्हणून घ्यावे. शास्त्राने अतिथीला एका रात्रीचा मुक्काम सांगितला आहे. दुसऱ्या दिवशी तो पाहुणा राहत नाही, भार होतो. जवळचा शिधा तेथे न राखता चुलीशी ठेवून द्यावा. गूळ, तेल, मीठ यांना ‘नको’ म्हटले जात नाही. पैशाला म्हटले जाते.

व्यवहाराचेही थोडे सांगितले पाहिजे, कारण मूळ प्रश्न तोच होता. वनपर्वातच यात्रेस निघताना लोमश ऋषी युधिष्ठिराला हलके होऊन चल म्हणून सांगतात. तेव्हा युधिष्ठिर भूक व श्रम न सोसणाऱ्यांना परत पाठवतो. पण नुसते पाठवीत नाही, त्यांच्या योगक्षेमाची सोय कोणाकडे होईल हेही सांगतो. द्यूतात सर्वस्व गमावलेला तो राजा होता, हे लक्षात घ्यावे. आपण निघण्यापूर्वी घरखर्च, कर्जाचे हप्ते, वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी यांची तरतूद केलेली असावी. ती न करता ‘मैया पाहून घेईल’ म्हणणे म्हणजे आपला भार घरच्यांवर टाकणे होय.

वाटेसाठी परतीच्या प्रवासाचे भाडे आणि औषधोपचाराची रक्कम अवश्य असावी, कारण आजारी परिक्रमावासीयाचा खर्च अखेर ज्या गावात तो आडवा होतो त्या गावावर पडतो. दक्षिण तटावरून उत्तर तटावर जाताना सागरसंगमी विमलेश्वर ते मिठी तलाई हा टप्पा नावेने जावा लागतो. नावाड्याचे भाडे रोख द्यावे, त्यात घासाघीस करू नये. तो सदाव्रत चालवीत नाही, त्याचे पोट त्यावर आहे. दहा, वीस, पन्नासच्या नोटा दोन ठिकाणी विभागून ठेवाव्यात. भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची सोय आता गावोगावच्या चहाच्या टपरीवरही आहे, पण सातपुड्याच्या दऱ्यांत संपर्क मिळेलच असे नाही. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा कार्तिकी एकादशी दोन-तीन दिवसांवर होती आणि परिक्रमेचा हंगाम सुरू होत होता. कनवटीच्या त्या नोटांवर दुकानात काही मिळेनासे झाले. सदाव्रतातील शिध्याला नोट लागतच नव्हती.

आता संस्थानच्या अन्नछत्राविषयी. येथील दानपेटी भोजनगृहाच्या दारात नसून मागील बाजूस, हात धुण्याच्या नळांपलीकडे भिंतीला आहे. ती सहजासहजी दिसत नाही, दारात ठेवली तर उत्पन्न वाढेल, अशी सूचना काही हितचिंतकांनी वेळोवेळी केली आहे. विश्वस्त मंडळाने तिचा आदरपूर्वक विचार केला आणि पेटी आहे तेथेच राहू दिली. जेवून, हात धुऊन परतणाऱ्याला ती दिसते, आणि तेथे कोणी उभे नसते.