आठांविरुद्ध एक

नवा रायपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला २००३ पासून न्या. मोहम्मद हिदायतुल्ला यांचे नाव आहे. रायपूरच्या सरकारी शाळेतून १९२२ मध्ये मॅट्रिक झालेला हा विद्यार्थी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आणि पुढे केंब्रिजला शिकला. १९३० पासून त्याने नागपुरात वकिली केली, १९४६ मध्ये तिथल्याच उच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालय, १९६८ मध्ये सरन्यायाधीशपद, १९६९ मध्ये पाच आठवडे हंगामी राष्ट्रपतिपद, नंतर उपराष्ट्रपतिपद. त्यांचा परिचय बहुधा या पदांनीच करून दिला जातो आणि तो मला अपुरा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश सहसा पीठात बसतो. त्याचे मत एरवी सहकाऱ्यांच्या मतात मिसळून जाते. तो कुठे वेगळा झाला आणि का, यावरच त्याची पारख व्हावी.

१९६४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या संपादकांविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. आपली साक्ष छापून आल्याने धंद्याला फटका बसतो, अशी तक्रार एका साक्षीदाराने केली. न्या. वि. म. तारकुंडे यांनी ती साक्ष प्रसिद्ध करू नये असे तोंडी बजावले. सुनावणी उघड, दारे उघडी, फक्त छापायचे नाही! वार्ताहर नरेश मिरजकर आणि इतर पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये नऊ जणांच्या पीठाने सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या नेतृत्वाखाली त्यांच्या याचिका फेटाळल्या. एकट्या हिदायतुल्लांनी विरोधी निकाल लिहिला. मूलभूत हक्कांच्या बंधनातून न्यायाधीशही सुटत नाहीत आणि उघड्या सुनावणीतली साक्ष दडपण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, ही त्यांची भूमिका होती. तारकुंडे हे पुढे नागरी स्वातंत्र्यासाठी आयुष्य वेचणारे गृहस्थ. अशा न्यायाधीशाच्याही हातून पत्रकारांचा हक्क आवळला जाऊ शकतो, म्हणूनच हिदायतुल्लांचा मुद्दा मोलाचा आहे.

अल्पमताने कायदा बनत नाही, मग त्याचे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. १९६४ चा सज्जनसिंह खटला पाहावा. संसद मूलभूत हक्क हवे तसे बदलू शकते का, याविषयी पाचांपैकी दोघांनी शंका नोंदवली : हिदायतुल्ला आणि अमरावतीचे न्या. ज. र. मुधोळकर. दोघेही नागपूर उच्च न्यायालयात घडलेले. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात हीच शंका सहा विरुद्ध पाच अशा बहुमताचा निकाल झाली आणि हिदायतुल्ला त्या बहुमतात होते. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्याने तो निकाल मोडीत काढला खरा, पण संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा आहे हे मान्य केले. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकणाऱ्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा १९६४ मध्ये कायम करणारा निकाल याच न्यायाधीशाने लिहिला. तो निकाल मला संकुचित वाटतो. त्याचे समर्थन करू नये. मात्र १९७० मध्ये चित्रपटकार ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात चित्रपटांची पूर्वतपासणी वैध ठरवतानाही कलेला मोकळी जागा ठेवणारे निकष हवेत, लैंगिक ते सारे अश्लील नव्हे, असे त्यांनीच बजावले. सहा वर्षांत हा माणूस पुढे सरकला होता.

१९५६ पर्यंत रायपूरची अपिले नागपूरला जात, नंतर जबलपूरला, आता बिलासपूरला जातात. न्यायालये बदलली, तरी कायदा शिकणाऱ्या रायपूरच्या आणि नागपूरच्या मुलांनी मिरजकर खटल्यातला तो एकट्याचा निकाल मुळातून वाचावा.