माझी माय कोणत्या डिपार्टमेंटची?

मागच्या श्रावणात पिंगळीला आमच्या वस्तीत एक मुलगी आली. हातात छापील प्रश्नावली, गळ्यात ओळखपत्र. कुठल्या विद्यापीठाची ते लिहीत नाही, भांडण तिच्याशी नाही. माय नुकती खुरपून आली होती, हाताचा चिखल निघालेला नव्हता. मुलीनं विचारायला सुरुवात केली. घर कच्चं का पक्कं. रोज किती पडतो. कर्ज कुणाचं. दुपारी काय खाल्लं. माय एकेक सांगत गेली. माझ्या पाठचं एक लेकरू गेलं तेही सांगितलं, कारण तसा रकाना होता. शेवटी मायनंच विचारलं, "बाई, ह्याचं पुढं काय करतीस?" मुलगी म्हणाली, "सबमिट करायचं असतं, मावशी."

ती गेल्यावर माय मला म्हणली, "म्हंजी कुणाला द्यायचं?"

मला सांगता आलं नाही. मी दहावीला शाळा सोडलेला माणूस. हंगामात परभणीच्या एका जिनिंगात रेच्यावर उभा राहतो, रात्रपाळी संपली की कविता लिहितो. संशोधनावर बोलायचा याला काय अधिकार, असं कुणी म्हणेल. पण ज्याच्यावर संशोधन होतं त्यालाच नसेल तर मग तो अधिकार कुणाला आहे?

आधी एक कबूल करतो. ज्ञानाला शिव्या घालणं सोपं आहे आणि आपल्या बैठकांत ते फार चालतं. पूर्णा लाइनवरचं आमचं पिंगळी स्टेशन परभणीपासून जवळच. त्या परभणीत १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ झालं, २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. तिथलं काम खोटं नाही. पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला दाद न देणारी 'परभणी क्रांती' भेंडी तिथली. नांदेडच्या केंद्रात निघालेला 'नांदेड ४४' कापूस, २००२ साली बीटी आलं त्याच्या आधीचा, आमच्या जिनिंगातले म्हातारे हमाल अजून नाव काढतात. २०१८ साली हैदराबादच्या इक्रिसॅटबरोबर 'परभणी शक्ती' ज्वारी आली. तिच्यात किलोमागं सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह, साध्या वाणांत ते तीसच्या आसपास. जस्तही जास्त.

माझ्या मायच्या अंगात रक्त कमी आहे. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणते. म्हणजे हे लोह जणू तिच्यासाठीच शोधलं. पण पेरायला तिच्याकडं वावर नाही. रेशनला वर्षानुवर्षं गहू-तांदूळ. गरिबाची म्हणून हिणवलेली ज्वारी बाजारात गव्हाच्या वर जाते, तेव्हा ती घ्यायची कुणी? ज्वारीत लोह किती हे एका विभागाला माहीत. मायच्या रक्तात किती हे दुसऱ्याला. तिच्या नावावर जमीन किती, म्हणजे शून्य, हे तिसऱ्याला. तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते एका टेबलावर येत नाहीत. आमच्या रेच्यात कापूस टाकला की सरकी वेगळी पडते, रुई वेगळी. तसं मायचं होतं. फरक एवढाच की पुढं गाठ कुणी बांधत नाही.

तणनाशकाचं घ्या. कृषी विद्यापीठांत त्याचे प्रयोग होतात. कोणत्या पिकाला किती मात्रा, पेरणीनंतर किती दिवसांनी, खुरपणीपेक्षा खर्च किती वाचला. शास्त्र म्हणून त्यात खोट काढता येत नाही. कोरडवाहू शेतकरी मरणाला टेकलाय, त्याचा खर्च वाचला पाहिजे हेही कळतं. पण ती 'मजुरीतली बचत' म्हणजे माझी माय आहे! सोयाबीनला पूर्वी दोन खुरपण्या मिळायच्या, आता एक मिळाली तर मिळाली. आणि त्याच परभणीत गृहविज्ञानाचं कॉलेज आहे, हल्ली सामुदायिक विज्ञान म्हणतात, तिथं शेतातल्या बायांचे कष्ट कमी कसे होतील यावर काम झालेलं आहे. म्हणजे एक शास्त्र तिचे कष्ट हलके करायला बघतं आणि दुसऱ्या शास्त्रानं तिचं कामच जातं. दोघंही खरं बोलतात. वाईट माणूस कुणीच नाही. मग अन्याय आला कुठून?

मला वाटतं तो रकान्यातून आला. मजूर खर्चाच्या रकान्यात लिहायचा, हे प्रयोग सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असतं. शेताचं उत्पन्न म्हणजे मालकाचं उत्पन्न. खुरपणारीच्या घरात वर्षाकाठी किती आलं हाही शेतीचाच प्रश्न आहे. पण तो सुचायला प्रश्न काढणाऱ्यांत खुरपणारीचं पोर लागतं.

९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या वर्गात बाबासाहेबांनी जातीवर निबंध वाचला तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. माझ्या वयाचे. १९२३ साली रुपयावरचा ग्रंथ. पुढं कायदा, इतिहास, धर्म. शाखा बदलल्या, विचारणारा माणूस तोच राहिला. आणि नाकाची गोष्ट तर प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. इंग्रजी अमलात रिस्ले नावाच्या अधिकाऱ्यानं लोकांची नाकं मोजली, बाजारात बैलाचे दात बघावेत तशी, आणि म्हणाला, नाक जितकं रुंद तितकी जात खाली. बाबासाहेबांनी काय केलं? मोजपट्टी फेकून दिली नाही. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये घुर्ये यांनी छापलेले नाकांचे आकडेच समोर ठेवले आणि त्याच आकड्यांवरून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. ज्याला मोजलं त्यानं मोजणाऱ्याची वही तपासली.

आपण काय तपासलं? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं. मधल्या सोळा वर्षांत घरं जळाली, माणसं मारली गेली. त्या पाटीसाठी आपले आजे आणि बाप रस्त्यावर होते. पाटीच्या आत काय शोधलं जातं यावर आपण किती बैठका घेतल्या? २०२३ साली बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक पोरं आझाद मैदानात बसली. त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळात विचारलं गेलं, पीएच.डी. करून काय दिवे लावणार. बाहेरचे म्हणाले त्याचं सोडा, आपल्यातलेही म्हणाले, प्रबंधानं जमीन मिळते का? नाही मिळत. पण पट्टी दुसऱ्याच्या हातात राहिली तर नाक आपलंच राहणार.

आणि आपलं पोर डॉक्टर झालं की झालं, असंही नाही. तेही प्रश्नावली घेऊन येतं आणि तेही सबमिट करतं. उलट परक्यांनी नीट केलेलं काम आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा करवल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यात आहेत. तिथं ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे. 'उत्तरदाती क्रमांक अमुक' नाही.

माझंही सांगतो. मायवर एक कविता केली होती, ती छापून आली, खाली माझं नाव. तिला वाचून दाखवली नव्हती. ती मुलगी येऊन गेल्यावर दाखवली. कवितेत माय खुरपताना गाणं म्हणते. मायनं सगळं ऐकलं आणि म्हणली, "खुरपताना कवा गाणं म्हणलं रे म्या? वाकलं की दम लागतोय."

ती ओळ काढून टाकली. मुलीलाही काही दुरुस्त्या कळवायच्या होत्या, एकदोन उत्तरं घाईत चुकली होती. पण तिनं मायचा फोन नंबर लिहून घेतला होता, स्वतःचा दिला नव्हता.