माणसाची पैसेवारी

आमच्या अहमदपूर तालुक्यात पैसेवारी म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जुनी माणसे अजून आणेवारीच म्हणतात. नेहमीच्या पिकाच्या मानाने यंदा गावात रुपयातले किती पैसे पीक आले, याचा तो आकडा. 50 च्या वर गेला की साल बरे, आत राहिला की टंचाईचे. साऱ्याची सूट, मुलांच्या परीक्षेची फी, कर्जवसुलीची तहकुबी ही सारी वर्षानुवर्षे त्या आकड्यावर लोंबकळत आली. 2016 च्या दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतील ओल असे दुसरेही निकष आणले. तरी चावडीवर अजून भांडण व्हायचे ते पैसेवारीवरूनच.

शिवाराची होते तशी नोकरदार माणसाचीही दरवर्षी पैसेवारी होते. सरकारी कचेरीत तिला गोपनीय अहवाल म्हणत आले आहेत. केंद्र सरकारच्या सेवेत 1 ते 10 असे अंक असतात. खाजगी शाळांत 1981 च्या सेवाशर्तींच्या नियमावलीप्रमाणे मुख्याध्यापक शिक्षकांचा अहवाल लिहितात. आमच्या भागातली मुले लातूरला शिकून पुण्याच्या कंपन्यांत गेली आहेत. त्यांच्या तोंडी 'रेटिंग' हा शब्द असतो. दिवाळीला घरी आलेल्या मुलाला म्हातारा बाप विचारतो, ''बाबा रे, पाचापैकी तीन म्हणजे पास का नापास?'' मुलाला उत्तर देता येत नाही. मला वाटते, प्रश्न बापाचाच बरोबर आहे.

अंक म्हणजे मोजमाप, असे आपण धरून चालतो. पैसेवारीमागे खरोखरीच मोजमाप असते. शेतात ठराविक मापाचा तुकडा आखतात, तेवढेच पीक कापतात, मळतात आणि तोलतात. तुकडा कोणता निवडला यावरून वाद होईल. परंतु काटा सर्वांच्या देखत उभा असतो. माणसाच्या अंकामागे हा काटा कोठे आहे? 'सचोटी', 'पुढाकार', 'सहकार्य' यांचे वजन कोणी कोणत्या मापाने केले? एक साहेब हाताखालच्या सर्वांना नऊ देतो. दुसऱ्याच्या हातून सात सुटणेही कठीण. मग सात हा अंक कामाचा, की देणाऱ्याच्या हाताचा?

त्यात भर पडते ती सीमारेषेची. केंद्राच्या पद्धतीत 4 पासून 6 च्या आतला माणूस 'चांगला' आणि 6 पासून 8 च्या आतला 'फार चांगला'. एका दशांशाने माणूस या बांधावरून त्या बांधावर जातो. पैसेवारी 49 आली काय आणि 51 आली काय, शेतकऱ्याच्या कणगीत कितीसा फरक पडतो? फरक पडतो तो कागदावर; पण पुढचे वर्ष कागदावरच काढायचे असते.

देव दत्त नावाच्या अभियंत्याची हकीकत या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. ते सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या खात्यात होते. बढतीसाठी पाच वर्षे 'फार चांगला' हा शेरा हवा होता. 1993-94 या एका वर्षी 'चांगला' असा शेरा पडला आणि बढती हुकली. शेरा वाईट नव्हता, म्हणून तो त्यांना कळवण्याची गरज कोणाला वाटली नाही. चांगला म्हटल्याने माणसाचे वाईट व्हावे, ही भाषेचीच विटंबना नव्हे काय? 12 मे 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की शेरा बरा असो वा वाईट, प्रत्येक नोंद ज्याची त्याला कळवलीच पाहिजे. तोवर देव दत्त निवृत्त झाले होते. पुढे 2009 साली केंद्राने संपूर्ण अहवाल दाखवण्याचा आदेश काढला.

कोणी म्हणेल, अंक नको तर मग साहेबाची मर्जी चालवायची काय? हा आक्षेप खरा आहे. शब्द गुळमुळीत असतात, आकडा निदान बोट ठेवता येण्याजोगा असतो. दोष आकड्याचा नाही. दोष आहे तो काटा लपवण्याचा. आणि त्याहून मोठा, तोलण्याआधीच वजन ठरवण्याचा. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत जॅक वेल्श यांनी अशी रीत रूढ केली होती : 20 टक्के वरचे, 70 टक्के मधले आणि 10 टक्के खालचे. पाऊस कितीही पडो, दहा गावांत एक गाव टंचाईचे निघालेच पाहिजे, असा हुकूम तहसीलदाराने काढावा, त्यातलाच हा प्रकार. मायक्रोसॉफ्टने अशीच आपली पद्धत 2013 साली सोडून दिली.

मी शाळामास्तर, अंक देणे हा माझा रोजचा धंदा. तपासलेले पेपर वर्गात वाटले की चौथीतले पोर वही घेऊन टेबलापाशी येते आणि विचारते, ''गुरुजी, इथला अर्धा मार्क का कापला?'' मला सांगावे लागते. जो हक्क त्या पोराला न मागता मिळतो, तोच मिळवायला एका अभियंत्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. माझ्या ओळखीचे एक कारकून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. एका साली 'साधारण' असा शेरा पडला होता, एवढेच त्यांना ठाऊक आहे. भेटले की अजून म्हणतात, ''मास्तर, त्या वर्षी माझं काय चुकलं होतं?'' पगारवाढीची खंत केव्हाच विरली; प्रश्न तेवढा उरला आहे.

अंक देणारा घेणाऱ्याचा ऋणी असतो, असे मला वाटते. अंक दाखवायचा, कारण सांगायचे आणि समोरच्याचे ऐकून घ्यायचे, ही त्या ऋणाची फेड होय. ती न करता दिलेला दहाही अपमानच करतो. केली तर चारसुद्धा माणूस पचवू शकतो. आणि घेणाऱ्यानेही एक ध्यानात ठेवावे. आमचा शेतकरी पैसेवारी 40 आली म्हणून जमिनीला नावे ठेवत नाही. तो आकडा त्या सालच्या पिकाचा असतो, जमिनीचा नव्हे. मृगाच्या तोंडावर तो त्याच रानात पुन्हा तिफण घालतो.