बंध, गाठ आणि बांधणारा हात

माजिवडा नाक्याजवळच्या एका औषधांच्या दुकानात पाठदुखीचा पट्टा घ्यायला गेले असता दोन खोकी शेजारी शेजारी मांडलेली दिसली. एकात बाळंतिणीच्या पोटाचा पट्टा होता, दुसऱ्यात 'शेपवेअर'. दोन्हींचे काम कंबर आवळण्याचेच. परंतु पहिल्यावर 'आधार' हा शब्द छापलेला होता आणि दुसऱ्यावर 'आत्मविश्वास'. एकाच क्रियेला दोन नैतिक अर्थ कसे चिकटतात, हा प्रश्न समीक्षेच्याही कक्षेतला आहे.

अमरकोशात स्त्रीच्या कटिभूषणाला मेखला, कांची, सप्तकी, रशना अशी नावे आहेत. पुरुषाच्या कटिबंधाला मात्र 'शृंखल'. (आज बेडीचा वास येतो तो नेमका पुरुषाच्या शब्दाला, हा भाषेचा खोडकरपणा.) मेखला दिसण्यासाठी असते, किणकिणते. पाश्चात्त्य गर्डलचे याच्या उलट आहे : तो दिसला की फसला. येथे चिन्हक स्वतःला पुसून टाकतो आणि घडवलेला देह निसर्गदत्त म्हणून पुढे करतो.

गर्डलच्या इतिहासाचे 'बंधनाकडून मुक्तीकडे' असे वाचन सोपे आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. त्याऐवजी गाठ कोणाच्या हाती होती ते पाहावे. पाठीवर नाडी असलेला कॉर्सेट आवळायला बहुधा दुसऱ्याचा हात लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी शिकागोच्या गोसार्डने नाडी पुढे आणली आणि ती स्त्रीच्या स्वतःच्या हाती दिली. 1904 मध्ये स्थापन झालेल्या स्पिरेलाने मापे घेणाऱ्या प्रशिक्षित स्त्रिया घरोघर पाठवल्या. पुढे 1930 नंतरच्या दशकात लास्टेक्स या ताणल्या जाणाऱ्या धाग्याने नाडीची गरजच कमी केली. 1940 मध्ये प्लेटेक्सचा लॅटेक्सचा 'लिव्हिंग गर्डल' आला. हे विशेषण लक्षणेचा उत्तम नमुना आहे. जिवंतपणा देहाकडून रबराकडे गेला. याच उद्योगसमूहाने 1969 च्या चांद्रमोहिमेतील अंतराळवीरांचे पोशाख शिवले. तेथे आवरण प्राण राखण्यासाठी होते. ड्यूपाँचे जोसेफ शिव्हर्स गर्डलमधील रबराला पर्याय शोधत होते, त्यातून 1958 मध्ये लायक्राचा धागा निघाला. 2000 मध्ये स्पँक्स आले. प्रत्येक नव्या स्पर्धकाने आधीच्याला बंधन ठरवले आणि स्वतःला मोकळेपणा म्हणवले.

या साऱ्यात गाठ नाहीशी झाली, आणि गाठीबरोबर बांधणाराही. नाडी ओढणाऱ्या हाताला 'जरा सैल कर' असे सांगता येत होते. धाग्यातच विणलेल्या ताणाला काय सांगणार? माप तिनेच निवडलेले असते, म्हणून संमती गृहीत धरली जाते आणि तक्रारीला प्रतिपक्षच उरत नाही.

आपल्याकडे बाळंतिणीचे पोट जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधले जाई. बांधणारी आई किंवा सुईण समोर असे आणि 'फार आवळलं का गं?' असे विचारता येई. या चित्राचे उदात्तीकरण मला करायचे नाही. 'नाहीतर पोट सुटेल' या काळजीत सौंदर्याचा धाक होताच, आणि नको म्हणणे सुनेला सोपे नव्हते. तरीही तो बंध दोन माणसांमधला होता. आवणीला उतरणाऱ्या बाईचा कासोटा तर हालचालीसाठीच घट्ट असतो. 'कंबर कसणे' या वाक्प्रचाराला कमरेच्या घेराशी कर्तव्य नाही. म्हणजे घट्टपणा हा नैतिक निकष होऊ शकत नाही. बंध कोणापुढे सैल करून मागता येतो, हा होऊ शकेल.

यावर माझ्या एका विद्यार्थिनीचा आक्षेप रास्त आहे : 'मॅडम, मी तो आवडीने घालते, माझ्या आवडीला तुम्ही भ्रम का म्हणता?' मी तसे म्हणत नाही. तिचा आनंद खरा आहे. पण त्या आवडीत आरशापलीकडच्या कोणाची नजर मिसळली आहे का, हे तिलाही मलाही सहजी वेगळे काढता येत नाही. आणि मी स्वतः पदर सारखा करते तेव्हाही ते येत नाही.

दुकानात मी दोन्ही खोकी उलटून पाहिली. मापांचा तक्ता दोन्हींवर होता. पट्टा दिवसातून किती तास बांधावा आणि केव्हा सोडावा, याची सूचना मात्र पहिल्यावरच होती.